बाईंच्या परवानगीने आणि परवानगीशिवाय

स्व्यातोस्लाव रिख्टर हा रशियन पियानोवादक १ ऑगस्ट १९९७ रोजी मॉस्कोत वारला. त्याच्या मागे ध्वनिमुद्रणांचा जो डोंगर राहिला, तो अजून उपसून संपलेला नाही. एकेका कंपनीने त्याच्या सीडींचे जाडजूड संच काढले, तरी कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी मैफिलीची फीत सापडतेच. एकच सोनाटा पाच गावांत पाच तऱ्हांनी वाजवलेला मिळतो आणि त्यातला खरा रिख्टर कोणता यावर त्याचे चाहते तासन् तास भांडतात.

केसरबाई केरकर १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या. त्यांच्या हयातीत त्यांच्या संमतीने बाजारात आलेलं गाणं रविवारी सकाळी चहा टाकताना लावलं, तर जेवणाच्या आत संपतं. रिख्टरच्या चाहत्यांचा प्रश्न निवडायचं काय हा असतो. केसरबाईंच्या चाहत्यांना आहे त्यावर भागवावं लागतं, आणि हे 'आहे ते' सरळ मार्गाने आलेलं फार थोडं आहे.

बाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. कोल्हापुरात आठ महिने अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम झाली, मग गोव्यात वझेबुवांची, मुंबईला आल्यावर बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांची. एवढ्या मोठ्या नावांकडे शिकूनही कुणाकडे सलगपणा लाभला नाही. तो लाभला १९२१ पासून, अल्लादिया खाँसाहेबांकडे. तेव्हा बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. आज या वयात गायिकेचे युरोप दौरे होऊन गेलेले असतात. केसरबाईंनी तेव्हा पुन्हा 'सा'पासून सुरुवात केली.

अल्लादिया खाँ म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष. भारतात तबकडीवर ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवलं. खाँसाहेब त्यानंतर त्रेचाळीस वर्षं, १६ मार्च १९४६ पर्यंत हयात होते, त्यातली कितीतरी वर्षं मुंबईत होते. तरी त्यांची एकही तबकडी नाही. १९२२ मध्ये गेलेल्या भास्करबुवांचीही नाही. महाराष्ट्राच्या गाण्याची अर्धी घडण ज्या दोन माणसांनी केली, त्यांचा आवाज कसा होता हे सांगायला आता ऐकणारा माणूसही उरला नाही. यंत्र होतं, गाव होतं, पैसेही देऊ केले असते. नको होतं ते गवयालाच.

या नकोपणामागे व्यवहार होता. घराण्याची चीज म्हणजे घरची इस्टेट. खोकर, सावनी, बिहागडा, काफी कानडा असे अनवट राग आणि त्यांतल्या बंदिशी हीच जयपूरवाल्यांची पुंजी. ती तबकडीवर घालून अडीच-तीन रुपयांना कुणाच्याही हाती द्यायची, मग पुढच्या संस्थानात दुसराच कुणी ती आपली म्हणून गाणार. भीती अगदीच खोटी नव्हती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांनी किराणा घराण्याचा सूर कर्नाटकापर्यंत घरोघर नेला. त्यांच्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी ऐकून धारवाडकडचा एक मुलगा घर सोडून पळाला, त्याचे पुढे भीमसेन जोशी झाले. किराण्याचं यात भलं झालं. पण पळून जाऊन गुरू शोधणारा मुलगा एखादाच. चीज उचलून गप्प बसणारे बाकी सगळे.

अशा घराण्यातल्या केसरबाई तबकडीसाठी गायल्या, हेच खरं तर नवल. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन छापांवर त्यांच्या तबकड्या निघाल्या. ललत, तोडी, देसी, मारूबिहाग, नटकामोद, ककुभ बिलावल, गौडमल्हार, दुर्गा, मालकंस, भैरवी. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. विलंबिताचं एक आवर्तन पंचवीस-तीस सेकंदांचं धरलं, तर एवढ्यात सहा-सात आवर्तनंच बसतात. म्हणजे मैफिलीत बाई जिथे नुकत्या कुठे अस्ताईच्या मुखड्यावर स्थिर होत, तिथे तबकडी संपलेली. त्यात मुद्रण थेट मेणावर. तान सुटली, खोकला आला, सारंगीची तार उतरली, तर ते मेण बाद आणि सगळं पहिल्यापासून.

या तबकड्यांकडे 'मोठ्या गाण्याचा नमुना' म्हणून पाहायची सवय आहे. जुने रसिक त्यांच्याबद्दल जरा माफी मागितल्यासारखं बोलतात: 'हे काहीच नाही, बाईंना समोर ऐकायला हवं होतं.' समोर ऐकायला हवं होतंच. पण या तबकड्या काहीच नाहीत हे मात्र चूक. ललतची तबकडी ऐका. लय बाईंनी मैफिलीपेक्षा वर घेतली आहे, पण घाई कुठेच नाही. खुल्या आकारात पहिलाच स्वर असा लागतो की वाट शोधण्यात एक मात्राही जात नाही. आलाप, बोल, तान हे सगळे मजले आहेत. प्रत्येकाला दीड-दोन आवर्तनंच मिळतात आणि तेवढ्यात ते पुरे होतात. अल्लादिया खाँसाहेबांची पेचदार तान लयीच्या मात्रा-मात्रांतून वळत समेवर येते, तीही तशीच येते. मोठं गाणं कापून लहान केलेलं नाही, लहानच पण स्वतंत्र बांधलेलं आहे. तबकडीला काय पेलतं हे बाईंना पक्कं कळलं होतं, आणि ते कळल्यावर बाकीचं तिथे द्यायचं नाही हेही त्यांनी ठरवलं असावं.

कारण बाकीचं त्यांनी खरोखरच राखलं. मैफिलीत कुणी टेपरेकॉर्डर आणलेला दिसला, तर बाई तो बंद करवून मगच तंबोरे जुळवायला सांगत, असं जुने श्रोते सांगत आले आहेत. पाहुण्या-रावळ्यांकडे, शेठजींच्या दिवाणखान्यात, गणेशोत्सवाच्या बैठकीत, सगळीकडे हाच दरारा. त्यांचा मान, त्यांची बिदागी, बसायची जागा, श्रोत्यांनी कसं बसावं, या सगळ्यावर त्यांचं लक्ष असे. पु. ल. देशपांडे यांनी बाईंवर लिहिलं त्यातही हा करारीपणा जागोजागी आहे. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून 'राज्यगायिका' हा किताब. तोवर त्यांनी जाहीर गाणं थांबवलेलं होतं. आवाज उतरायच्या आत थांबायचं, हा निर्णयही त्यांचाच.

आणि तरीही बाईंच्या मैफिलींच्या फिती आहेत. हेच त्यांच्या वारशाचं मोठं अंग.

त्या कुणी केल्या, कशा केल्या, याच्या कहाण्या प्रत्येक संग्राहकाकडे वेगळ्या. गादीखाली माइक, तंबोऱ्यामागे माइक, यजमानाच्या बायकोच्या पर्समध्ये माइक. यातल्या कितीवर विश्वास ठेवायचा हे ऐकणाऱ्याने ठरवावं. फितींचा आवाज मात्र बऱ्याचदा गादीखालूनच आल्यासारखा असतो. कायद्याची आडकाठी काही नव्हती. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे ही गोष्ट भारताच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी गाणाऱ्याच्या हातात एकच उपाय: डोळे वटारणे. बाईंनी तो पुरेपूर वापरला.

सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत बसायची. सेकंदाला पावणेचार इंच वेगाने ती तासाभराहून थोडी अधिक चाले. म्हणजे तबकडीवर जे तीन मिनिटांत आवरावं लागे, त्याला एकदम वीसपट जागा मिळाली. जयपूरची गायकी विस्ताराची. आवर्तन भरत नेण्याची, समेकडे येण्याच्या नव्या नव्या वाटा काढण्याची. ती या फितींवरच कळते. वामनराव देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'घरंदाज गायकी' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा स्वर आणि लय यांच्या समतोलाचं माप म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे जयपूर घराणं होतं. त्यांनी ते समोर बसून ऐकलं होतं. ते पुस्तक पडताळून पाहणं आपल्या वाट्याला आलं ते या चोरट्या फितींमुळेच.

पुढे स्पूलच्या कॅसेट झाल्या, आणि इथे मुंबईची उपनगरं गोष्टीत येतात. साठीच्या, सत्तरीच्या दशकांत गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून मराठी मध्यमवर्ग पार्ले, गोरेगाव, बोरिवलीकडे आणि पलीकडच्या लायनीवर घाटकोपर, मुलुंडकडे सरकला. गाण्याचं वेडही त्याच्याबरोबर गेलं. दोन डेकचा टेपरेकॉर्डर ज्याच्याकडे, तो इमारतीतला संगीताचा सावकार. मुलुंडच्या एका घरातली कॅसेट ठाण्याला जाई, तिथून डोंबिवलीला, आणि वर्षभराने चौथ्या प्रतीच्या खरखरीसह पुन्हा मुलुंडलाच. वर बॉलपेनने लिहिलेलं: 'केसरबाई, प्रायव्हेट'. तारीख नाही, गाव नाही, तबल्याला कोण तेही नाही. मूळ स्पूल तासाचा, पण साखळीत कुणीतरी साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटांची, कॅसेट वापरलेली. म्हणून तिसाव्या मिनिटाला तान अर्ध्यावर तुटते, ती आजतागायत सगळ्यांकडे तिथेच तुटलेली आहे. पावसाळ्यात खाडीकडच्या घरांत फितीवर पांढरी बुरशी धरायची. मग पेन्सिलीने फीत फिरवणं, कापसाने हेड पुसणं, ट्यूबलाइटच्या पट्टीवर कॅसेट वाळवणं.

या सगळ्या खटाटोपाला रशियात एक जुळं उदाहरण आहे, आणि ते रिख्टरपेक्षा व्लादिमीर सोफ्रोनित्स्कीचं. याचा जन्म १९०१ चा, आणि स्क्र्याबिन या संगीतकाराचा हा जावई. देशाबाहेर त्याने फारसं वाजवलं नाही म्हणून जगाला उशिरा कळला. स्टुडिओतल्या आपल्या रेकॉर्डिंगना तो प्रेतं म्हणायचा. त्याचं खरं वादन मॉस्कोतल्या स्क्र्याबिनच्या घरात, जिथे संग्रहालय आहे, त्या छोट्या दालनात मोजक्या लोकांपुढे व्हायचं. १९६१ मध्ये तो गेला, आणि त्याची आजची कीर्ती तिथल्या फितींवर बरीचशी उभी आहे. रिख्टरलाही बंद स्टुडिओपेक्षा समोर बसलेली माणसं हवी असत. फ्रान्समध्ये तूर शहराजवळच्या एका जुन्या धान्यकोठारात त्याने १९६४ पासून महोत्सव भरवला. उतारवयात सगळे दिवे घालवून स्वरलेखनावर एक छोटा दिवा ठेवून वाजवू लागला. त्याची सर्वांत गाजलेली फीत सोफियातली, फेब्रुवारी १९५८ ची. मुसोर्गस्कीची 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ही रचना. मागे थंडीने बेजार झालेलं सभागृह अखंड खोकतंय, मधूनमधून सूरही चुकतात, आणि तरी पियानोच्या जाणकारांत ती फीत पहिल्या पंक्तीला बसते. फरक एवढाच की तिकडे टेप सरकारी यंत्रणा करत होती, नोंदी ठेवत होती; तारीख आणि गाव त्यामुळे पक्कं. आपल्याकडे हे काम यजमानाच्या मेव्हण्याने केलं.

आपल्या उपनगरांच्या गोष्टीतला बोरिवलीचा धागा मात्र फितीचा नाही.

धोंडूताई कुलकर्णी यांचा जन्म १९२७ चा, कोल्हापूरचा. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, पुढे लक्ष्मीबाई जाधवांकडे. नंतर मुंबईत केसरबाईंनी त्यांना तालीम दिली. ज्या बाईंनी शिष्या म्हणून कुणाला सहसा जवळ केलं नाही, त्यांची शिष्या म्हणून धोंडूताईंचंच नाव घेतलं जातं. केनेडी पुलाजवळ त्या राहत, शिकवण्या करत; उत्तरायुष्यात बोरिवलीला गेल्या. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी मोठ्या महोत्सवांच्या फलकांवर त्यांचं नाव क्वचितच झळकलं. त्यांच्या शिष्या नमिता देवीदयाल यांनी २००७ मध्ये 'द म्युझिक रूम' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईला कळलं की अल्लादिया खाँसाहेबांच्या घरातली विद्या लोकलच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका फ्लॅटमध्ये शिकवली जाते आहे. १ जून २०१४ रोजी धोंडूताई गेल्या.

त्यांचीही मुद्रणं आहेत, थोडीच. ती केसरबाईंच्या फितींशेजारी ठेवून ऐकली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. केसरबाईंच्या फितीत तान कानावर पडते, पण ती कुठून उचलली, श्वास कुठे घेतला, कोणत्या अक्षरावर वजन दिलं, हे खरखरीत बुडालेलं असतं. धोंडूताई तेच हलक्या आवाजात, उलगडून गातात. त्यांच्या गळ्यात बाईंचा तो भरदारपणा नव्हता, आणि असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. पण गणित शाबूत होतं. बाईंची नक्कल करायची तर फीत पुरते. त्यांचं कोडं सोडवायचं, तर बोरिवलीची वाट धरावी लागे.

आता व्हॉयेजर. ही गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ असल्याने थोडक्यात. १९७७ मध्ये नासाने दोन यानं सोडली, २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, तीत सत्तावीस संगीतरचना, आणि भारताची म्हणून एकच: केसरबाईंची भैरवी, 'जात कहां हो', साडेतीन मिनिटं. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. ही तबकडी घडवणाऱ्या कार्ल सेगनच्या चमूतल्या ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. दुसरं यान उडाल्यावर अकराव्या दिवशी बाई गेल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, २०१८ मध्ये व्हॉयेजर २.

तबकडीवर रिख्टर नाही. पियानो आहे तो कॅनडाच्या ग्लेन गूल्डचा, बाखची रचना. हा गूल्ड १९५७ मध्ये सोव्हिएत देशात वाजवायला गेला होता, तेव्हा रिख्टर त्याला ऐकायला गेला होता. रशियाकडून आहे स्ट्राविन्स्की, शिवाय जॉर्जियाचं समूहगान.

अवकाशात गेलेली ती भैरवी सुंदर आहे, पण तिच्यावरून केसरबाई ठरवणं जरा अन्यायाचं. भैरवी सगळ्यांचीच. जिच्यामुळे बाई बाई होत्या, ती अनवट रागांची, गुंतवळीची गायकी अवकाशात गेलीच नाही. ब्राउनसाहेबांचा दोष नाही. त्यांना तीन-साडेतीन मिनिटांतच काम भागवायचं होतं, आणि तेवढ्यात पुरं होणारं गाणं कोणतं हे बाईंनी आधीच दाखवून ठेवलं होतं.

इकडे जमिनीवर, १९९० मध्ये मुंबईत काही तबकडीवेड्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा भौतिकशास्त्राचं काम करणारे डॉ. सुरेश चांदवणकर तिचे मुख्य कार्यकर्ते. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकात तबकड्यांचे क्रमांक, छाप, गायक-गायिकांच्या याद्या येऊ लागल्या. चोरबाजारातून आणलेल्या लाखेच्या तबकड्या या मंडळींनी पुसल्या, वाजवल्या, नोंदल्या. अधिकृत केसरबाईंचा हिशेब त्यामुळे बऱ्यापैकी लागला. ७८ आरपीएम तबकड्यांच्या काळातलं बहुतेक सगळं कायद्याच्या साठ वर्षांच्या मुदतीबाहेर गेलं आहे, त्यामुळे ते कुणालाही खुलेपणाने ऐकवता येतं.

अनधिकृत केसरबाईंचा हिशेब लावायचा राहिला आहे. ते काम किचकट आहे आणि त्याचा पहिला प्रश्न सुराचा. घरगुती टेपरेकॉर्डर व्होल्टेज कमी-जास्त झालं की हळू किंवा जलद चालत. पुढच्या प्रत्येक प्रतीत चूक साचत गेली. आवाज अर्ध्या स्वराने चढला, तर पन्नाशी-साठीतल्या बाई तिशीतल्या वाटतात आणि ऐकणारा म्हणतो, 'वा, काय टवटवीत!' यावर इलाज आहे. मुंबईची वीज ५० हर्ट्झची. यंत्राची बारीकशी गुणगुण त्याच पट्टीत फितीवर उतरलेली असते. ती संगणकावर वेगळी काढायची, ५० वर आणून बसवायची, की गाणंही आपल्या मूळ पट्टीत येतं. पण त्यासाठी पहिली फीत हवी, चौथी प्रत नव्हे. पहिल्या फिती ज्यांनी केल्या ती पिढी गेली. त्यांचे स्पूल पार्ल्यात, मुलुंडला, बोरिवलीत कुणाच्या तरी माळ्यावर आहेत, आणि इमारत पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरचं सामान सर्वांत आधी भंगारात जातं. तोवर यूट्यूबवर एकच बिहागडा तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, तीन वेगवेगळ्या वर्षांची लेबलं लावून चालू आहे, आणि खालच्या अभिप्रायांत लोक तिन्हींची तुलना करत आहेत.